बाबांच्या हातांची गाठ

१२ फेब्रुवारी १९५६, रविवार

मेलेल्या माणसाची क्षमा मागितली, तर त्यानं ती केली हे कळायचं कसं?

शुक्रवारी तिसरीतल्या लेनियोनं हे भर वर्गात विचारलं. आजोबांचा पाईप तिनं फोडला होता, आणि ती कबूल करायच्या आतच आजोबा गेले. मी फळ्याकडे वळून खडू शोधल्याचं सोंग केलं. यानिना शहरातल्या अध्यापक विद्यालयात दोन वर्षं काढली, बालमानसशास्त्रात पहिली आले, पण याचं उत्तर मला येत नाही. तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मग पुस्तकात बघून सांगा, बाई." दोन दिवस बघतेय. पुस्तकात नाही.

आज बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. चर्चमध्ये त्यांच्या नावानं उकडलेले गहू वाटले. वासिलोआत्यानं माझ्या ओंजळीत दोनदा घातले. बाबांची ती एकुलती बहीण. कान गेलेत, गुडघे गेलेत, तरी शेळ्यांमागे डोंगर चढते.

घरी येताना मी आईला म्हटलं, "तीन वर्षं झाली. आता बाबांच्या अस्थी कबरीतून काढून अस्थिघरात ठेवायला हव्यात."

"पाच वर्षांनी बघू."

"सगळं गाव तिसऱ्या वर्षी काढतं."

"त्या कोपऱ्यात ओल आहे. माती जड आहे. राहू दे त्याला."

मी तिला सांगितलं की चिकणमातीत देह उशिरा विरघळतो, हे खरं आहे, पण तीन वर्षं पुष्कळ झाली; देह न विरघळण्याचा पापाशी काही संबंध नसतो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाली, "तुला वही कळते, आंथी. माती कळत नाही."

बाबांना नीट अस्थिघरात ठेवणं हे माझं कर्ज आहे असं मी मानते. या वहीच्या पहिल्या पानाला मी तो कागद चिकटवला आहे: शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा संमतिअर्ज, खाली बाबांचा अंगठा. निकालानंतर कार्यालयानं मूळ कागद परत पाठवला तेव्हापासून जपलाय. बाबांना लिहिता येत नव्हतं. मला शिकवायलाही त्यांचा विरोध होता, गिरणीवाल्या मिल्टोसशी माझं ठरवत होते. तो बेचाळीस वर्षांचा बिजवर. पण त्या संध्याकाळी गिरणीकडे निघण्यापूर्वी त्यांनी हा अंगठा उठवला, असं आईनं मला नंतर सांगितलं. म्हणजे आयुष्यात त्यांनी केलेलं शेवटचं काम म्हणजे मला दिलेला आशीर्वाद. परतताना बर्फात बागेखालच्या बांधावरून घसरले, पाय मोडला, सकाळी सापडले तेव्हा गार झाले होते. घरापासून तीस पावलं. बर्फ आवाज गिळतो, असं गाव म्हणतं.


२६ फेब्रुवारी

आमच्या चर्चचे पाद्री पापा-कोस्मास यांना भेटले. त्यांनी १० मार्चचा शनिवार दिला, मृतात्म्यांचा शनिवार. आईला न विचारता हो म्हणून आले. घरी सांगितलं तेव्हा ती चुलीत फुंकत होती. फुंकायची थांबली, मग पुन्हा फुंकू लागली.

"ठरवूनच आलीस?"

"हो."

"शिकलीस खरी," ती म्हणाली. यात राग होता की अभिमान, मला कळलं नाही.


४ मार्च

आईचं काही ठीक दिसत नाही. गावात कुणी गेलं की त्याला न्हाऊ घालून, कपडे चढवून तयार करायचं काम तीस वर्षं आईचंच आहे. हाडांना ती घाबरेल असं कुणी म्हटलं तर गाव हसेल. पण काल ती दोनदा मीठ विसरली. आणि एक गोष्ट आज माझ्या लक्षात आली: अंधार पडल्यावर ती मागावर बसत नाही. पूर्वी हिवाळ्यात रात्र रात्र विणायची. मी विचारलं तर म्हणाली, "डोळे गेले." पण सुईत दोरा ती अजून कंदिलाच्या उजेडात ओवते.


१० मार्च, मृतात्म्यांचा शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी आम्ही आठ-नऊ बायका कबरीपाशी जमलो. पहिली कुदळ मी मारली. शेजारची गारुफो, जिला मयताच्या घरीही थट्टा सुचते, म्हणाली, "हळू गं मास्तरीणबाई, बटाटे नाहीत ते." सगळ्या हसल्या. आत्या पायथ्याशी बसली होती. तिला ऐकू आलं नाही, पण सगळ्या हसल्या म्हणून तीही हसली.

माती खरंच जड होती, पण देह विरघळला होता. अस्थी पिवळसर, स्वच्छ निघाल्या. "मेणासारख्या," गारुफो म्हणाली, "चांगला माणूस होता झिसिस, प्यायचा एवढंच." आईनं कवटी दोन्ही हातांत घेतली, वाइननं धुतली, पांढऱ्या फडक्यात ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. मला बरं वाटलं. वाटलं, झालं, कर्ज फिटलं.

मग मी हात काढायला वाकले. बोटांची हाडं खडेमिठासारखी सुटी झाली होती. पण मनगटांची हाडं एका जागी होती, कारण त्यांच्याभोवती शेळीच्या केसांची दोरी होती. घट्ट. गाठ मारलेली.

बायका एकेक पाऊल मागं सरल्या.

मयताचे हात-पाय बांधतात ते अंग सरळ राहावं म्हणून, आणि पेटी मिटण्याआधी दोन्ही दोऱ्या सोडतात. न सोडल्या तर जीव बांधलेला राहतो, असं आमच्याकडची लहान पोरंसुद्धा जाणतात. सोडलेल्या दोऱ्या आई चुलीत जाळते, कुणी करणीसाठी चोरू नयेत म्हणून. तीस वर्षांत ती एकदाही चुकलेली नाही.

"हाइदो," गारुफो आईला म्हणाली, या वेळी थट्टा नव्हती, "हे काय?"

आईनं कवटीवरून नजर काढली नाही. "हातांशी वासिलो होती."

"काय म्हणतेय?" आत्यानं विचारलं. कुणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं. ती उठली, कबरीपाशी आली, दोरी पाहिली आणि ओल्या मातीत बसली.

"पाय मी सोडले," ती म्हणाली. "पाय सोडल्याचं आठवतंय मला. हातही माझ्याकडेच होते, हाइदो?"

आईनं मान हलवली. हो.

"मग विसरले असणार," आत्या म्हणाली. "तीन वर्षं. तीन वर्षं माझा भाऊ हात बांधून पडलाय, आणि मी मात्र दोन्ही हातांनी जेवतेय."

दोरी मी न सोडता मनगटांवरून सरकवून काढली आणि खिशात टाकली. पापा-कोस्मास यांनी प्रार्थना म्हटली, अस्थी लाकडी पेटीत ठेवल्या, पेटी अस्थिघरात गेली. "झालं, मोकळा झाला तो," ते म्हणाले. पण परतताना बायका दोघी-तिघी करून पुढं गेल्या. आत्याच्या बाजूनं चालायला कुणी थांबलं नाही. मी तिच्याबरोबर चालले. वाटेत तिला मोठ्यानं समजावलं की दोरीनं मेलेल्या माणसाला काही होत नसतं, ती नुसती दोरी असते.

"तुला कुणी बांधलंय कधी?" तिनं विचारलं.


११ मार्च

आत्यानं काल रात्री काही खाल्लं नाही. आज चर्चनंतर तिला भाकरी दिली तर तिनं ती परत माझ्या हातात ठेवली. "ज्यानं बांधलं त्यानं माफी मागायची असते. मी मागितली. तो काही बोलत नाही. तो बोलेपर्यंत मी जेवू कशी?"

लेनियोचाच प्रश्न.


१३ मार्च, मंगळवार

ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा हा शेवटचा आठवडा, घरोघर अंडी-चीज चाललंय, आणि आत्या पाण्यावर आहे. तिच्या शेळ्या आता कुणी आपल्या कळपात घेत नाही. काल एका घरी करडू मेलं, तर नाव तिचंच. मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की करडाला जंत झाले होते. त्यांनी ऐकून घेतलं, कारण मी शाळेतली बाई आहे.

आई रोज दुपारी आंबट पेज घेऊन आत्याकडे जाते. खालच्या वाटेनं, जिथून कुणी बघत नाही. आत्या तोंड भिंतीकडे करते. आई भांडं उशाशी ठेवते, थंड झालं की घेऊन येते. माझ्या आईचं मन किती मोठं आहे हे मला या दिवसांत नव्यानं कळतंय. चूक आत्याची, आणि पायपीट ही करते.

आज शाळा सुटल्यावर मी गेले. आत्या शुद्धीत होती, उलट जास्तच बोलत होती.

"हात मीच धुतले होते त्याचे. ते आठवतंय. म्हणजे हातांशी मीच असणार, हाइदो खोटं कशाला बोलेल. तो अंगठा आठवतोय ना मला. काळा झाला होता."

"कुठला अंगठा?"

"उजवा. अक्रोड सोलल्यावर होतो तसा. राखेनं घासला, जाईना. हाइदोला म्हटलं, हे काय गं? म्हणाली, थंडीनं. थंडीनं बोटं काळी पडतात हे खरं, पण ती सगळी पडतात. एकच कशी पडेल?"

मी म्हटलं, तंबाखू असेल. फेब्रुवारीत ओले अक्रोड कुठले. पण आत्याचं वय झालंय आणि तीन दिवसांची उपाशी आहे.

"तू तेव्हा रडत होतीस," ती म्हणाली. "कपाळाचा मुका घेतलास. हाताचा घ्यायला निघालीस तर आईनं घेऊ दिला नाही."

खरं आहे. विसरले होते. हातांवर आईनं विणलेली चादर होती. मी ती उचलू लागले तर आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, गार हात लक्षात ठेवू नयेत. मला तेव्हा ते फार मायेचं वाटलं होतं.


१४ मार्च

पाणवठ्यावर गारुफो सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती. मला पाहून थांबली नाही.

"विसरणं वेगळं. पाय सोडते आणि हात विसरते? अशी कोण विसरते? मेलेल्याचे हात जिवंत माणूस बांधून ठेवतो तो एकाच कारणानं. सुटला तर काय करेल याची भीती असते म्हणून. आता वासिलोला स्वतःच्या भावाची कसली गं भीती? लहानपणी याच्याच पाठीवर बसून नदी ओलांडली तिनं."

"मग कुणाला भीती असेल?" एकीनं विचारलं.

"मी आपली विहिरीवरची बाई," गारुफो म्हणाली. "हवालदाराला विचार. सोमवारी वर येतोय. त्याला दोरी बघायचीय."

मी तिला म्हटलं, "गारुफोमावशी, पुरावा नसताना कुणाबद्दल असं बोलू नये."

"मी कुठं नाव घेतलं, मास्तरीणबाई? नाव तर तुम्ही घ्यायला लावताय."

घरी येऊन आईला सांगितलं की सोमवारी हवालदार येणार आहे. ती पाईचं पीठ लाटत होती. थर इतका पातळ झाला की खालची लाकडाची रेघ दिसायला लागली, तरी ती लाटतच राहिली.


१६ मार्च, शुक्रवार

मला सत्य हवंय. मुलांना मी रोज तेच शिकवते, तेव्हा मागं हटून चालणार नाही. आज दुपारी दोरी बाहेर काढली आणि नीट पाहिली.

आत्याची बोटं वाकडी आहेत. आयुष्यात ती मागावर बसलेली नाही. तिची पिशवी, तिच्या शेळ्यांच्या घंटा, तिचा रुमाल, सगळं ती एकाच जाड फासानं बांधते. या दोरीवरची गाठ लहान आणि चपटी आहे, ओढलं की आणखी आवळणारी. विणताना तुटलेले दोन धागे जोडायला मारतात ती. मी मागापाशी गेले आणि ताण्यातल्या गाठीशेजारी ती धरली. हुबेहूब.

मग मी माझी समजूत घातली: बांधली आईनं, सोडायची होती आत्यानं, आत्या विसरली. यात विसंगत काही नाही. बांधणारीची गाठ राहणारच. तरी दोरी मी परत खिशात घातली.

आई परसातून आली. मी विचारलं, "गाठ तुझी आहे ना?"

"हो."

"आणि सोडायची होती आत्यानं."

तिनं डोक्यावरचं काळं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाली, "मोकळ्या हातांनी तो कागद परत मागायला आला असता."

"कुठला कागद?"

"भाजी खुडून ठेवलीस का?"

"आई, कुठला कागद?"

"तू परवा मुलांना काय शिकवत होतीस गं, मी दाराशी होते," ती म्हणाली. "पृथ्वी गोल आहे आणि आपण पडत नाही. ते छान सांगितलंस. माझ्या पोटच्या पोरीनं सांगितलं, आणि चाळीस पोरं गप्प बसून ऐकत होती. मी त्या मिल्टोसची पहिली बायको न्हाऊ घातलीय, आंथी. तिच्या पाठीवर काय होतं ते मी पाहिलंय. तुझ्या बापाला सांगितलं होतं मी. तो म्हणाला, गिरणी आहे त्याच्याकडे."

नंतर ती पेजेचं भांडं घेऊन आत्याकडे गेली. आज तिला परत यायला फार वेळ लागला. तिच्या काळ्या स्कर्टवर गुडघ्यांपाशी माती होती.


१७ मार्च, शनिवार

आत्या मला ओळखते, पण मधूनच 'झिसिस' म्हणून हाक मारते. पापा-कोस्मास यांनी खूप समजावलं. तिनं ओठ मिटून घेतले. "उद्या क्षमेचा रविवार," ते मला बाहेर येऊन म्हणाले, "उद्या तरी खाईल. नाही खाल्लं तर ईस्टर बघणार नाही."

घरी येऊन वहीचं पहिलं पान उघडलं. तीन वर्षांत हा अंगठा मी शंभरदा पाहिला असेल. नेहमी मला वाटायचं की तो जोरानं, ठामपणे उठवलाय. आज दिसलं की तो आडवा आहे. स्वतःचा अंगठा कुणी आडवा उठवत नाही. शाळेच्या दाखल्यांसाठी मी कितीतरी बापांचे अंगठे घेतलेत, सगळे उभे. दुसऱ्यानं हात धरून, बाजूनं कागद लावला, तर आडवा येतो.

अंगठ्याखाली छापील बारीक ओळ आहे. ती मी आजवर वाचली नव्हती, वाचायची गरजच पडली नाही. 'वडील हयात नसल्यास आईची संमती पुरेशी आहे.'

आईला वाचता येत नाही.

मला ती रात्र आठवतेय. मी आतल्या खोलीत होते, बाहेर बर्फ. आई मागावर होती. खट खट, खट खट, रोजच्यापेक्षा जोरात, अजिबात न थांबता. त्या आवाजात मला फार सुरक्षित वाटलं होतं. मधे एकदा आवाज थांबला. मी डोळे उघडले. बाहेर कुत्रं किंवा काहीतरी होतं, लांबट आवाज. आई दाराशी उभी होती. मग परत जाऊन बसली आणि खट खट सुरू झालं, आणि मी झोपले.

कुत्रंच असणार. आमच्या शेजारी कुत्री पुष्कळ आहेत.

यापुढं आज लिहीत नाही.


१९ मार्च, शुद्ध सोमवार

काल संध्याकाळची प्रार्थना ही उपवासाच्या आधीची शेवटची. ती संपली की सगळं गाव रांगेनं उभं राहतं आणि एकेक जण पुढं सरकत प्रत्येकापुढं वाकतो: "मला क्षमा कर." समोरचा म्हणतो, "देव क्षमा करो." वर्षभर बांधावरून डोकी फोडलेलेसुद्धा म्हणतात. आत्याला दोघांनी घोंगडीत घालून आणलं आणि दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. रांग तिच्यापाशी आली की पाऊल लांब पडायचं. लोक मानेनंच वाकत आणि पुढं जात.

माझी पाळी आली. मी गुडघ्यांवर बसले आणि तिच्या कानापाशी तोंड नेलं. तिला ऐकू जाईल असं बोलायचं तर ओरडावं लागतं. तेव्हा सगळ्या चर्चला ऐकू गेलं. ते मला माहीत होतं.

"आत्या, हात तू सोडले होतेस. मी परत बांधले. पेटी मिटण्याआधी मला एकटीला आत सोडलं होतं तेव्हा. आईची गाठ मला येते. बाबा उठून मला यानिनाला जाऊ देणार नाहीत याची भीती वाटली. तू विसरली नाहीस. मी बांधले. मला क्षमा कर."

आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला आणि पाहिला. तिचे डोळे गेलेले नाहीत. किती पाहिलं तिनं, मला माहीत नाही.

"तू?" ती म्हणाली. "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस."

तिनं मला एक थोबाडीत मारली. जोर नव्हता अंगात, पण मारली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला. "पोरगी होतीस," ती म्हणाली. "देव क्षमा करो." आणि मग, आजूबाजूला बघत, चिडून, "अंडं कुठाय? आज अंडं खायचं असतं ना? सगळ्यांनी खाल्लं, मला नाही?"

उपवासाच्या आधी शेवटचा घास अंड्याचा. लेनियो घरी धावत गेली आणि उकडलेलं अंडं घेऊन आली. आत्यानं चर्चच्या दारातच ते खाल्लं, मीठसुद्धा न लावता.

मी उभी राहिले तेव्हा माझ्यापुढं आई होती. रांगेत तिची पाळी माझ्यापुढं येणारच होती. ती वाकली. लोक कमरेतून वाकतात. तिनं कपाळ फरशीला टेकवलं आणि ती उठेना. मागची रांग थांबून राहिली. "मला क्षमा कर," ती फरशीला म्हणाली. सगळ्यांना वाटलं, मुलीच्या लाजेनं बिचारी मोडली.

मी म्हणाले, "देव क्षमा करो." तेवढंच म्हणायचं असतं. मी त्याच्यापेक्षा जास्त म्हणाले नाही.

आज शाळेत सहा मुलं आली, चाळीसपैकी. लेनियो पहिल्या बाकावर होती. तिला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं तेव्हा आत्यानं मारलं ना, तेव्हा कळलं. मेलेला मारत नाही, म्हणून कळत नाही." दहा वाजता सरपंच आले, टोपी हातात घेऊन, आणि कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचेना. "आपल्याच गावची पहिली शिकलेली मुलगी," ते म्हणाले, "आणि बापाचे हात..." त्यांनी मागायच्या आधी मी शाळेची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. बदलीचा अर्ज सकाळीच टपालात गेला होता.

हवालदार दुपारी वर आला. "पोरीची अंधश्रद्धा," असं म्हणत त्यानं वहीत लिहून घेतलं, दोरी मागितली. मी म्हटलं, जाळली. खरंच जाळली होती, पहाटे, आईच्या चुलीत, जिथं ती जाळायला हवी होती. त्यानं आमचे ऑलिव्ह आणि कांदा खाल्ला, उपवासाची भाकरी चांगली झाल्याचं आईला सांगितलं, आणि उतरून गेला. आई त्याला पाणी देताना एक थेंबही सांडला नाही.

तो गेल्यावर तिनं मागावरची अर्धी राहिलेली चादर कापून काढली. मला विचारलं, "यानिनाला थंडी असते ना?" मी म्हटलं, कुठं पाठवतील माहीत नाही. तिनं चादर माझ्या पेटीत ठेवली.

एक गोष्ट लिहायची राहिली. दोरी जाळल्यावर, उजाडायच्या आधी मी अस्थिघरात गेले होते. या वहीचं पहिलं पान आता कोरं आहे, कडेला फक्त खळीचा डाग. तो कागद मी पेटीत बाबांच्या मनगटांपाशी ठेवला. त्यांना परत हवा होता तर आता आहे त्यांच्याकडे. झाकण बसवलं. पेटीला बांधायला पापा-कोस्मास यांनी सुतळी ठेवली होती.

ती मी बांधली नाही.